आठ माणसांची भाजी

ॲन फ्रँकची डायरी आपल्याकडे बहुतेक जणी एकदाच वाचतात, आणि तीही शाळा-कॉलेजच्या वयात. मग ते पुस्तक कपाटात जातं आणि घरातली मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की बाहेर निघतं. त्यामुळे आपल्या मनात ॲन राहते, पीटर राहतो, तिची आईशी होणारी भांडणं राहतात. खाली ऑफिसात बसून टाइप करणाऱ्या आणि मधल्या सुट्टीत पिशव्या घेऊन तो अरुंद जिना चढणाऱ्या दोघी मात्र राहत नाहीत. वीस-पंचवीस वर्षं स्वतःचं घर चालवल्यावर हेच पुस्तक पुन्हा उघडा, पहिला प्रश्न वेगळाच पडतो. आठ माणसं ॲम्स्टरडॅमच्या भर वस्तीत दोन वर्षं लपून राहिली, ठीक आहे. पण रोज आठ माणसांचं सामान आणत कोण होतं?

मीप खीस आणि बेप फोस्काउल. मीपकडे भाजी आणि मटण, बेपकडे पाव आणि दूध. दोघी ऑटो फ्रँक यांच्या कंपनीत नोकरीला होत्या. त्यांच्याबरोबर क्लाइमन आणि कुगलर हे दोन पुरुष होते, मीपचा नवरा यान होता, आणि बेपचे वडील होते. गुप्त दारापुढचं ते प्रसिद्ध पुस्तकांचं कपाट या वडिलांनीच बनवलं. ६ जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ एवढा काळ या माणसांनी ही गोष्ट पोटात ठेवली. डायरीच्या जुन्या आवृत्त्यांत त्यांची खरी नावंसुद्धा नव्हती. ज्यांनी ती जुनी आवृत्ती वाचली असेल त्यांना बेप ‘एली व्होसेन’ म्हणून आठवेल, आठवलीच तर.

मीपने पुढे १९८७ साली अमेरिकन लेखिका ॲलिसन लेस्ली गोल्ड यांच्या मदतीने आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. मला हे पुस्तक डायरीच्या शेजारी ठेवण्याइतकं महत्त्वाचं वाटतं, त्यातले दोष धरूनसुद्धा. दोष आहेतच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे संवाद जसेच्या तसे आठवावेत असं कुणाचं डोकं नसतं. पुस्तकात ते इतके नीटनेटके येतात की सोबतच्या लेखिकेचा हात जाणवतो. पण मीप बाजाराबद्दल सांगायला लागली की तो हात गळून पडतो, कारण तिथे तिला कुणाच्या मदतीची गरजच नाही. रेशनची कुपनं यानने भूमिगतांच्या ओळखीने मिळवायची, आणि तिने दुकानं फिरायची. एकाच दुकानातून सगळं घेतलं तर संशय येणार. थोडं इथून, थोडं तिथून, काही पिशवीत, काही कोटाच्या आत.

हे वाचताना आपल्याला इतिहास समजावून सांगावा लागत नाही. आमच्या लालबागेत (मुंबईचं नव्हे, बुऱ्हाणपूरचं, तापी मिलचं लालबाग) कुणी नेहमीपेक्षा दोन किलो बटाटे जास्त घेतले तर किराणावाले काका ताबडतोब विचारतात, “काय भाभी, पाहुणे आले का?” मीपला हा प्रश्न दोन वर्षं टाळायचा होता. आणि तिच्या भाजीवाल्याने तो कधी विचारला नाही! फान हूव्हे त्याचं नाव. एक बाई रोज एवढी भाजी नेते हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो गुपचूप तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागला. मे १९४४ मध्ये तो स्वतःच पकडला गेला, कारण त्याने आपल्या घरात दोन ज्यू माणसं लपवली होती. म्हणजे भाजी देणारा आणि घेणारी, दोघांच्याही घरी एकेक गुपित होतं आणि दोघं मोड परत देण्या-घेण्यापलीकडे बोलत नव्हते. तो छळछावण्यांतून जिवंत परतला.

मीपच्या स्वतःच्या घरीही एक विद्यार्थी लपला होता. जर्मनांना निष्ठेची शपथ लिहून द्यायला त्याने नकार दिला होता. मीप आणि यानने ही गोष्ट वरच्या आठ जणांना सांगितली नाही. आधीच आपल्यामुळे या दोघांच्या जिवाला घोर आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना आणखी काळजी कशाला? या एका न सांगण्यात मला मीप जितकी कळली तितकी बाकीच्या प्रकरणांतून कळली नाही.

न सांगण्यावरून एक गोष्ट मनात येते. आपण श्राविका. सत्याणुव्रत पाठशाळेपासून पाठ असतं, आणि मग असली पुस्तकं वाचताना कुणीतरी हमखास विचारते, की हे सगळं खोटं बोलणंच ना? रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी गृहस्थाचं सत्याणुव्रत सांगताना, जे खरं बोलल्याने दुसऱ्यावर संकट कोसळेल ते खरंही बोलू नये, असा भाग स्पष्ट ठेवला आहे. पाठशाळेत हा भाग घाईने उरकला जातो, मुलं पळवाट शोधतील या भीतीने असेल. पण ॲम्स्टरडॅमच्या त्या इमारतीत ही पळवाट नव्हती. तिथे खरं सांगणं सोपं होतं आणि फायद्याचंही होतं, कारण लपलेला ज्यू दाखवून देणाऱ्याला माणशी बक्षीस मिळत होतं. मीपचं पुस्तक नीट वाचलं तर दिसतं की ती खोटं फार थोडं बोलते, आणि गप्प मात्र सतत राहते. दुकानदारासमोर, शेजाऱ्यासमोर, ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर गप्प. आपल्याकडे मौन म्हटलं की डोळ्यांपुढे पाटावर बसलेली बाई येते; भाजीच्या रांगेत उभी असलेली येत नाही.

इथे थोडं थांबून एक हिशेब मांडायला हवा, नाहीतर सगळं हॉलंड अशा मीप-बेपनी भरलेलं होतं असं वाटेल. २५ आणि २६ फेब्रुवारी १९४१ ला ॲम्स्टरडॅममध्ये मोठा संप झाला. त्याआधी दोन दिवस जर्मनांनी चारशेहून जास्त ज्यू पुरुषांना रस्त्यातून उचलून नेलं होतं. त्याच्या निषेधात ट्रामवाले, गोदीतले कामगार, कारखान्यातले लोक कामावर गेले नाहीत. शेजाऱ्याच्या धर्मासाठी आपली मजुरी बुडवणारा हा संप होता, आणि तो बंदुकीने मोडला गेला. पण त्याच देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे नाही. त्यांना नेणाऱ्या गाड्या डच माणसांनीच चालवल्या, याद्या डच कारकुनांनीच केल्या. मीप स्वतःला वीर म्हणवून घ्यायला शेवटपर्यंत तयार नव्हती आणि आपल्यासारखं, आपल्यापेक्षा जास्तही पुष्कळांनी केलं असं सांगत राहिली. तिच्या विनयाबद्दल आदर आहे, पण आकडे तिच्या बाजूचे नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. पी. साईनाथ यांचं ‘द लास्ट हीरोज’ हे इंग्रजी पुस्तक २०२२ मध्ये आलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या, पुढारी नसलेल्या सोळा माणसांवरचे हे लेख. त्यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर यातल्या काही माणसांच्या कहाण्या मराठीतही वाचायला मिळतात, तेव्हा इंग्रजीची अडचण सांगू नका. उपशीर्षकात लेखकाने यांना पायदळातले सैनिक म्हटलं आहे, ते मला शीर्षकापेक्षा आवडलं. ‘हीरो’ म्हटलं की आपण हात जोडतो आणि आपली सुटका करून घेतो.

हॉलंडची नाझी राजवट आणि आपल्याकडचं इंग्रजी राज्य एका मापाने मोजता येणार नाही. ॲम्स्टरडॅमच्या माडीवर लपलेल्यांचा गुन्हा त्यांचा जन्म हाच होता, आणि शिक्षा तान्ह्या मुलालाही होती. साताऱ्यात लपणारे लढायला निघालेले लोक होते. पण लपवणाऱ्याच्या घरातून पाहिलं तर फरक कमी होत जातो. रात्री दार वाजतं, कोण आहे ते विचारायचं नाही, आणि भाकरी किती टाकायच्या ते बाहेर दिसणाऱ्या सावल्या मोजून ठरवायचं.

१९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. गावोगाव न्यायदान मंडळं, कर्ज आणि जमिनीचे निवाडे, हुंडा-मानपानाशिवाय लागलेली गांधी-विवाहाची लग्नं, आणि कुंडलच्या बाजूला उभी राहिलेली तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली गेली. हे सगळं लांबचं वाटतं का? एप्रिल १९४४ मध्ये याच मंडळींनी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना पकडला, साडेपाच लाखांच्या आसपास. त्यात अमळनेरजवळच्या डांगरीचे उत्तमराव पाटील होते. त्यांच्या पत्नी लीलाताई या लढ्यात नुसत्या सोबतीला नव्हत्या, पुढे होत्या. म्हणजे ज्या खानदेशातून आपल्या निम्म्या सुना बुऱ्हाणपुरात येतात तिथलीच ही गोष्ट.

साईनाथांच्या पुस्तकात नाना पाटलांच्या लेकीवर, हौसाबाईंवर, एक प्रकरण आहे. आई लहानपणीच गेली. वडिलांनी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळ धरली. सरकारने घर-जमीन जप्त केली आणि गावातले लोक भीतीने बोलेनासे झाले. मामाने बैलजोडी आणि गाडी दिली, त्यावर गूळ-शेंगा वाहून आजी-नातीने दिवस काढले. लेखकाने हे थोडक्यात उरकलं आहे. का, ते कळतं. पुढे प्रसंगच असा येतो की लेखणी तिकडे धावणार. १९४३, हौसाबाई सतरा वर्षांच्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर भर रस्त्यात नवरा बायकोला मारतो आहे, शेवटी तो मोठा दगड उचलून डोक्यात घालायला निघतो, तेव्हा पोलीस सोडवायला बाहेर येतात. तेवढ्यात मागून साथीदार आत शिरून बंदुका घेऊन पसार होतात. नवरा खोटा, भांडण खोटं, मार मात्र खरा. उतारवयात ही गोष्ट सांगतानाही त्या माणसाने जरा जोरातच मारलं, ही त्यांची तक्रार शिल्लक होती.

हा प्रसंग सांगताना सगळेच हसतात. साईनाथही मिस्कीलपणे लिहितात, आणि हौसाबाईंचा स्वतःचा सूर तसाच आहे, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण समीक्षा करायची तर हसून झाल्यावर विचारायला हवं की हे नाटक वठलं कशामुळे. वठलं, कारण रस्त्यात बायकोला मारणारा नवरा ही त्या पोलिसांना रोजची गोष्ट होती. इतकी रोजची, की मारहाण चालू असताना ते उठले नाहीत, दगड उचलल्यावर उठले. योजना करणाऱ्यांना हे नेमकं माहीत होतं. त्यांनी ठाण्यासमोर साप सोडला नाही, आग लावली नाही. बाईला मार खायला उभं केलं, कारण त्यात कुणाला काही वावगं दिसणार नव्हतं. साम्राज्याच्या बंदुका पळवायला जे हत्यार वापरलं ते आपल्याच घरातलं, पुष्कळ जुनं. या बाजूने लेखकाने एक परिच्छेद तरी लिहायला हवा होता. गावोगाव फिरून बायकांच्या श्रमावर, त्यांच्या पाठीवरच्या ओझ्यावर ज्याने इतकं लिहिलं, त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त नाही.

हॉलंडच्या हार्लेम शहरात ट्रूस आणि फ्रेडी ओव्हरस्टेगन या दोन बहिणी अशाच होत्या. फ्रेडी तर वेण्या घालणारी पोर. सायकलवरून जाणाऱ्या शाळकरी मुलीला चौकीवर कोण थांबवणार? म्हणून निरोप, पत्रकं, हत्यारं त्या नेत. पुढे जर्मन सैनिकांना गोड बोलून रानात नेण्याचं कामही त्यांना करावं लागलं, आणि गोळी झाडण्याचंही. त्यांची मैत्रीण हानी शाफ्ट युद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना, १७ एप्रिल १९४५ ला मारली गेली. मुलगी म्हणजे निरुपद्रवी, ही जगाची समजूत त्यांना उपयोगी पडली. हौसाबाई १९४४ मध्ये गोव्यात साथीदाराच्या सुटकेच्या खटपटीला गेल्या, आणि परतताना मध्यरात्री मांडवी नदी लाकडी पेटीवर तरंगत ओलांडली. बाजूने पोहणारे पुरुष आणि पेटीवर ही.

रक्ताचा मुद्दा आला की आपल्या वाचक बायका अस्वस्थ होतात, आणि व्हावं. प्रतिसरकारने फितुरांच्या तळपायांवर काठ्या मारल्या. ‘पत्री सरकार’ हे नाव त्याच दहशतीतून लोकांच्या तोंडी बसलं. साईनाथांच्या पुस्तकात या बाजूवर फार प्रकाश नाही, आणि तो नसल्यामुळे त्यांची माणसं थोडी जास्त उजळ दिसतात. आपल्या समाजापुढे तर हा प्रश्न टाळून चालणारच नाही. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेव्हा गोळी लागून गेलेले अण्णासाहेब पत्रावळे जैन होते. १९१५ साली फाशी गेलेले करकंबचे मोतीचंद शहा जैन होते. त्यांची नावं आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो, आणि पाच मिनिटांनी त्याच व्यासपीठावरून अहिंसेवर बोलतो, दोन्हींच्या मधल्या खाचेकडे न बघता. मला यावर तयार उत्तर नको आहे. निदान खाच आहे एवढं तरी कुणी लिहावं.

आणि स्मरणिकांबद्दल थोडं बोलायचं आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्या आपल्याकडे पुष्कळ छापल्या जातात. फोटो, गाव, किती महिने तुरुंग, कोणता तुरुंग. शेवटी एक ओळ: धर्मपत्नीने मोलाची साथ दिली. मोलाची म्हणजे किती? सरकारची व्याख्याही याच सुरातली. केंद्राच्या सन्मान पेन्शनला सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे, बायकांना तीन महिने सवलतीने. जी तुरुंगात गेलीच नाही, कारण ती गेली असती तर बाहेर राहिलेल्यांना जेवायला कुणी घातलं असतं, तिच्यासाठी रकाना नाही.

या जागी साईनाथांचं पुस्तक खरोखर मोठं होतं. पश्चिम बंगालच्या पुरुलियात चेपुआ नावाचं गाव, तिथल्या भवानी महतो. वय शंभरीच्या पुढे. नवरा बैद्यनाथ ‘चले जाव’मध्ये तेरा महिने तुरुंगात, त्याला पेन्शन. हे लोक भवानीबाईंना विचारायला गेले तर बाई म्हणतात, माझा त्या लढ्याशी काही संबंध नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. दुसऱ्या एखाद्या लेखकाने वही मिटली असती, किंवा पुढे वाकून तिच्या तोंडी मोठी वाक्यं घातली असती. साईनाथ फक्त विचारतात की मग त्या दोन वर्षांत तुम्ही काय करत होता? आणि यादी सुरू होते. शेती, गुरं, पंचवीस माणसांच्या घराचा स्वयंपाक. आणि शिवाय रानात लपलेली माणसं यायची, कधी वीस, कधी जास्त, त्यांचाही. कुठून आले, कुठे चालले, तिने विचारलं नाही. सुगावा लागला असता तर घर पेटलं असतं. भवानीबाईंचा नकार लेखकाने तसाच राहू दिला. तिला पटवून ‘वीरांगना’ केलं नाही. उलट तिच्या नकारासमोर सरकारी व्याख्या ठेवून व्याख्येलाच लाज वाटेल असं केलं. संबंध पुस्तकात हेच प्रकरण मी सर्वांत वर ठेवीन, चिमठाणे-शेणोलीच्या सगळ्या थरारापेक्षा. बाकी ठिकाणी लेखकाचा भाषणाचा आवाज अधूनमधून चढतो, इथे तो नाही.

मीपला निदान लिहिता आलं, आणि ती शंभर वर्षं जगली. ४ ऑगस्टच्या धाडीनंतर खोलीत विखुरलेली ॲनची पानं गोळा करून तिने न वाचता टेबलाच्या खणात ठेवली, ही गोष्ट जगाला माहीत झाली. बेप मागेच राहिली. लपण्याचा काळ सुरू झाला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पोटात दुखेपर्यंत ताण, घरी भावंडांचा गोतावळा, त्यात एक बहीण जर्मनांच्या बाजूला झुकलेली. म्हणजे जे गुपित ऑफिसात सांभाळायचं तेच संध्याकाळी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर जास्त जपायचं. युद्धानंतर ती फारसं बोललीच नाही, १९८३ मध्ये गेली. तिच्या मुलाने एका सहलेखकाबरोबर तिच्यावर पुस्तक लिहिलं आहे. त्यात फितुरी त्या बहिणीने केली असावी असा संशय मांडला आहे, जो सिद्ध झालेला नाही. त्या संशयानेच पुस्तकाची जाहिरात झाली, आणि बेप पुन्हा एकदा दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीतलं पात्र झाली. मला त्या पुस्तकांतून आणि डायरीतून हाती लागलेली बेपची एक साधी गोष्ट जास्त मोलाची वाटते. वर लपलेल्या मुलींना शिकायचं होतं. मार्गोटला, ॲनच्या थोरल्या बहिणीला, लॅटिन हवं होतं. बेपने स्वतःच्या नावाने टपाली अभ्यासक्रमाला नाव घातलं. धडे बेपच्या नावावर यायचे, ती ते भाज्या-दुधाबरोबर वर न्यायची, मार्गोट सोडवायची, आणि बेप ते परत टपालात टाकायची. तपासून आलेल्या वह्यांवर नाव बेप फोस्काउल असंच असायचं.